राखेचा धनी फराजी

मराकेशच्या रुम्मान गल्लीत कुणाचं लग्न ठरलं की पहिली बातमी जमिनीखाली पोचायची. नवरीला हम्मामात न्हाऊ घालायचं म्हणजे आदल्या दिवसापासून फरशी तापवायला हवी, आणि ती तापवणारा माणूस मागच्या बोळातून आठ-दहा पायऱ्या उतरून गेलं की भट्टीसमोर बसलेला असे. त्याचं नाव फराजी. वर वाफेत अंगाला काळा साबण फासून बसलेल्या बायकांपैकी कितीजणींनी त्याचं तोंड पाहिलं असेल, देव जाणे. पण पाणी जरा कोमट लागलं की भिंतीवर तांब्या आपटून "अरे फराजी, मेलास की काय!" असं ओरडायला कुणीच मागेपुढे बघत नसे. नाटकात पडद्याचा दोर ओढणारा माणूस प्रेक्षकांना कधी दिसत नाही, मात्र पडदा अडकला की सगळं थिएटर त्याच्याच नावाने शंख करतं. फराजीचं अगदी तसंच होतं.

द्रा नदीच्या खोऱ्यातून तो मामाचं बोट धरून आला तेव्हा त्याला धड दाढीही नव्हती. गावाकडची खजुराची झाडं पाण्याविना उभ्या उभ्या वाळली होती. मामा या हम्मामाचा भट्टीवाला होता. खोऱ्यातली काळीसावळी माणसं मराकेशात येऊन हाच धंदा करत, आणि शहराने तो त्यांच्या नावावर केल्यासारखाच होता. मामाने भाच्याला लाकूड रचायला शिकवलं, धुराला वाट द्यायला शिकवलं, आणि एक गोष्ट निक्षून सांगितली, "वर पाणी तापतं ते मालकाचं. खाली राख पडते ती आपली."

या राखेवर फराजीचं सगळं आयुष्य उभं होतं. मालकाकडून मिळणारा पगार असून नसल्यासारखा. खरी कमाई तंजियाची. तंजिया हे मातीच्या उभट, दोन कानांच्या मडक्याचं नाव आणि त्यातल्या जेवणाचंही. हे पुरुषांचं रांधणं, म्हणजे ज्यांना चहासुद्धा धड करता येत नाही त्यांचं. खाटकाकडे मडकं द्यायचं. तो त्यात गुडघ्याचं मांस, लसूण, जिरं, केशर, खारवलेलं लिंबू आणि मुरलेल्या तुपाचा गोळा कोंबतो, तोंडावर कागद बांधतो. मग मडकं भट्टीवाल्याच्या स्वाधीन. गुरुवारी सूर्य कलताना ते गरम राखेत मानेपर्यंत पुरायचं आणि शुक्रवारी दुपारी बागेत सहलीला जाताना उचलायचं. मांस असं शिजतं की हाडाला नुसतं हलवलं तरी ते सुटून येतं.

म्हणून गुरुवारची संध्याकाळ फराजीची असे. घोड्यांची खोगिरं शिवणारे जीनवाले, लोहार, चांभार, शाळेचा मास्तर, सगळे त्या पायऱ्या उतरून येत, काजळलेल्या भिंतीला पाठ टेकून बसत, पुदिन्याचा चहा फिरे. कुणाची बायको रुसली, कुणाच्या पोराने फ्रान्सला जायचं काढलं, सगळं तिथे बोललं जाई. एरवी कुणाला न दिसणारा माणूस त्या वेळी मधोमध बसलेला असे. लांब दांड्याचं फावडं हातात घेऊन तो मडकी अशी मांडायचा, जणू दरबारात कुणी मानाच्या जागा वाटतोय. आणि कुणालाही, कितीही उशिरा आला तरी, "नाही" म्हणणं त्याला जमत नसे. थोडं सरकवायचं, थोडं दाबायचं, एक मडकं आणखी बसवायचं.

लाकूड डोंगरातून यायचं. मामाच्या काळात ओकचे ओंडके येत. पुढे निलगिरी आली. मग तुटकी दारं, खोकी, रंग लावलेल्या खुर्च्या, जे मिळेल ते. फराजी दोन-तीन वर्षांनी बसने गावी जायचा तेव्हा घाटात खिडकीतून बघायचा. ज्या उतारावर लहानपणी सावली होती तिथे आता नुसते दगड दिसत. "यातला किती डोंगर मी जाळला असेन?" असं त्याच्या मनात येई. मग बस वळण घेई आणि तो डोळे मिटून घेई. इकडे गल्लीत गच्च्यांवर वाळत घातलेल्या चादरींवर काजळी बसायची, समोरच्या म्हातारीचा खोकला हटत नव्हता, आणि नगरपालिकेची माणसं येऊन धुराड्याकडे बोट दाखवून जात.

हम्मामाची मालकीण लाल्ला बतूल, लाल्ला म्हणजे बाईसाहेब. नवरा गेल्यावर तिने कंबर कसून हम्माम चालवला. लाकडाचे भाव असे चढले की तिच्या हातात काही उरेना. गल्लीच्या तोंडाशी एक हॉटेलवाला टपून बसलेला. त्याला हम्माम विकत घेऊन परदेशी पाहुण्यांसाठी गुलाबपाण्याचं स्नानगृह करायचं होतं. त्यात गल्लीच्या बायकांना जागा नव्हती आणि फराजीला तर नव्हतीच.

अशा वेळी एक दिवस बतूल पायऱ्या उतरून खाली आली. ती खाली आली म्हणजे काहीतरी मोठं घडणार, हे फराजी ओळखून होता.

"फराजी, ही भट्टी पाडायची."

फराजीच्या हातातलं फावडं खाली टेकलं. "विकलात, लाल्ला?"

"विकायला मी काय वेडी आहे? बँक हिरवं कर्ज देतेय. धूर कमी करणाऱ्याला व्याजात सूट. नवा बंद बॉयलर येणार, त्यात लाकूड नाही, तेलाच्या घाण्यावरच्या जैतुनाच्या बिया जाळायच्या. धुराड्यात एक मीटर बसवतील, तो धूर मोजून सरळ बँकेला सांगेल. मला बँकेत जायलाही नको. हे बघ."

तिने फोन पुढे धरला. पडद्यावर झाडाचं एक छोटं पान होतं.

"हे हिरवं राहिलं की सूट चालू. पिवळं झालं की ताकीद. लाल झालं की चौकशी, आणि दुसऱ्यांदा लाल झालं की सूट बंद. मग हप्ता माझ्याच्याने भरवणार नाही. मग तू, मी आणि हम्माम, सगळे त्या हॉटेलवाल्याच्या पदरात."

"आणि राख?" फराजीने विचारलं.

"राख कसली? मी तुला हम्माम वाचवायचं सांगतेय आणि तू राख विचारतोस!"

गवंडी आले, मामाच्या वेळची भट्टी फुटली, कित्येक पिढ्यांची राख गाढवांवर लादून वेशीबाहेरच्या बागांत गेली. त्या जागी लोखंडी बॉयलर आला, निळा, पोट सुटलेल्या हवालदारासारखा. त्याला दाणा भरवायला एक नरसाळं आणि खाली राख काढायला एक बुटकं, रुंद दार. बिया आपोआप आत पडायच्या. फराजीने करायचं काय, तर पोती रिकामी करायची आणि बघत बसायचं. पण खरं सांगायचं तर पहिल्याच आठवड्यात फरक दिसला. धुराड्यातून धूर इतका कमी निघे की गल्लीला वाटलं भट्टी विझलीय. समोरच्या म्हातारीने गच्चीवर चादर वाळत घातली आणि संध्याकाळी ती पांढरीच्या पांढरी काढून गल्लीभर मिरवली. पाणी उकळतं येई. वर बायकांनी फी फोनवरून द्यायची, असं बतूलने सुरू केलं तेव्हा मात्र मोठा गहजब झाला.

"अगं, अंगावर पंचा आहे, फोन काय दातात धरू?" एक आजी कडाडल्या.

"आत येतानाच द्या ना, आजी!"

"आधी न्हाऊ घाल, मग पैसे. पाणी गार निघालं तर फोनमधून परत कसे घेऊ?"

पण पंधरा दिवसांत त्याच आजी सुनेचेही पैसे आपल्याच फोनवरून भरू लागल्या.

सगळं सुरळीत चाललं होतं. फक्त गुरुवारची संध्याकाळ ओसाड झाली. लोक पायऱ्यांपर्यंत येत, आत डोकावत, निळ्या हवालदाराकडे बघत आणि "बरंय बा फराजी, जरा कामात आहे," म्हणून निघून जात. पगार बतूलने वाढवला होता, तो प्रश्न नव्हता. माणसं येईनाशी झाली होती.

आणि मग एका गुरुवारी अल्लाल खाटीक उतरला. फराजीचा जुना दोस्त. रुंद खांदे, घसा फाटलेला, गल्लीतली निम्मी मडकी त्याच्याच दुकानात भरली जात. दोन्ही हातांत दोन-दोन मडकी, मागे हमालाच्या डोक्यावरच्या टोपलीत आणखी.

"जीनवाल्यांची सहल आहे उद्या. म्हाताऱ्या उस्तादाने हत्यार खाली ठेवलं, निवृत्त झाला. त्याला फराजीच्या राखेतलंच हवंय."

"अल्लाल, राख आहे कुठे? डोळे फुटले का तुझे?"

"त्या दारात काय आहे?"

"ते बियांचं. बारीक पीठ. रोज उपसून पाणी मारून टाकतो."

"मग दोन ओंडके टाक. कोपऱ्यात आहेत की जुने." अल्लाल खाली बसला. "अरे, त्या उस्तादाने तुझ्या लग्नात घोड्याचं खोगीर फुकट दिलं होतं. त्याला मी काय सांगू? फराजी आता बँकेत नोकरीला आहे?"

हा टोमणा वर्मी बसला. फराजीने मडकी घेतली.

त्याने बियांचा पुरवठा कमी केला, खालच्या दारातून जुने ओंडके आत सारले, निखाऱ्यांभोवती मडकी रचली. बंद पेटीत मांस करपेल म्हणून दार किलकिलं ठेवलं. भट्टीचा जुना वास नाकात शिरला तेव्हा त्याला इतकं बरं वाटलं की पुढचं काही सुचलंच नाही.

शुक्रवारी सकाळी वरच्या भिंतीवर तांबे आपटू लागले. पाणी गार. धुराड्यातून काळा लोट निघून म्हातारीच्या चादरींवर पसरला. आणि बतूल फोन हातात धरून धाडधाड पायऱ्या उतरली. पान लाल झालं होतं.

जीनवाले मडकी घेऊन नुकतेच गेले होते. बॉयलरचं दार लागलेलं होतं. फराजी उभा.

"हे यंत्र खोटं बोलतंय!" बतूलने फोन त्याच्या तोंडासमोर नाचवला. "लाकूड नाही, काही नाही, आणि लाल! मी आत्ताच बँकेला फोन केला. म्हटलं, तुमच्या मीटरने माझं घर बुडवायचं ठरवलंय का? सोमवारी माणूस पाठवतायत. बोल ना, फराजी, यंत्र बिघडलंय ना?"

फराजी खाली वाकून रिकामी पोती गोळा करू लागला. बतूलने तो होकारच धरला आणि ती वर गेली.

सोमवारी विदाद आली. बँकेच्या हिरव्या कर्जांची तपासणी करणारी, तिशीतली, पायात कॅनव्हासचे बूट, पाठीवर अवजारांची पिशवी. बतूलने पायऱ्यांवरच तिला गाठून तक्रारींचा पाढा सुरू केला. विदादने सगळं ऐकून घेतलं, शिडी लावली आणि मीटर उघडायला पेचकस काढला.

"मीटर बिघडला असेल तर लाल रंग पुसला जाईल, लाल्ला. काळजी करू नका."

एक पेच सुटला. फराजीने एकदा बतूलकडे पाहिलं, एकदा शिडीकडे.

"मुली, खाली उतर," तो म्हणाला. "मीटर बरोबर आहे. लाकूड मी जाळलं."

बतूलने ऐकलं, पण तिला कळायला वेळ लागला. मग तिने पायातली सपात काढून हातात घेतली.

"तू? घरातला माणूस म्हणून तुझ्यावर विसंबले, आणि तू मला बँकेशी भांडायला लावलंस? सगळ्या गल्लीला ओरडून सांगितलं मी! कशासाठी? मडक्यांसाठी?"

"मडक्यांसाठी, लाल्ला."

"माझ्या हम्मामापेक्षा अल्लालचं मटण मोठं?"

"नाही. मला नाही म्हणता आलं नाही."

हे त्याने इतकं साधं सांगितलं की बतूलचा हात तसाच राहिला. सपात तिने पायात घातली आणि पोत्यावर बसून डोळे पुसले. विदाद शिडीवरून उतरली. ती हसली नाही, रागावलीही नाही.

"लाल ते लालच, बा फराजी. ते मी पुसू शकत नाही, आणि पुसणारही नाही. लाल्ला, दुसऱ्यांदा झालं तर माझ्या हातात काही नाही." मग तिने खालचं दार उघडून आत पाहिलं. "ही राख तुम्ही रोज काढता? किती गरम असते?"

"हात घालशील तर हात जाईल. निखारेही असतात."

"आणि तिच्यावर पाणी मारता."

"बॉयलर बसवणाऱ्याने तसंच सांगितलं."

विदाद बोटाने धुळीत रेघा ओढत राहिली. "माझे वडील दर शुक्रवारी दुसऱ्या गल्लीतून तंजिया आणायचे. आईला त्या दिवशी सुट्टी. तिथली भट्टीही आता बंद आहे. हे बघा, बँक धूर मोजते आणि इंधन मोजते. राखेबद्दल कर्जाच्या कागदात एक अक्षर नाही. राख बाहेर काढल्यावर तुम्ही तिचं काय करता, हे मला विचारायचंही कारण नाही."

फराजीने वर पाहिलं. "बाहेर म्हणजे... बॉयलरच्या बाहेर?"

"दार उघडायचं, उपसायचं, लगेच लावायचं. दार उघडं राहिलं तर मला कळेल."

बतूलने नाक ओढलं. "जुन्या भट्टीचा एक कोपरा भिंतीत उरलाय. गवंड्याने पाडायला जास्त पैसे मागितले म्हणून मीच ठेवला."

"त्याला विटांचं अस्तर लावून राख तिथे साठवली तर?" फराजी म्हणाला.

"विटा तुझ्या पगारातून," बतूल म्हणाली.

आता इथे कथा संपायला हवी होती. पण राख इतकी गुणी नसते. पहिल्या गुरुवारी फराजीने अल्लालचं एकच मडकं नव्या विटांच्या कुंडात पुरलं. शुक्रवारी अल्लालने कागद सोडला, मांसाचा तुकडा ओढला, दातांनी ओढला, मग दोन्ही हातांनी ओढला.

"हे मी शिजायला दिलं होतं की वाळवायला?"

"राख पातळ आहे, अल्लाल. वरून ऊब निघून जाते. मामाच्या भट्टीत तळाला किती वर्षांची राख होती, तुला ठाऊक आहे? नवी राख तिच्या कुशीत बसायची."

"मग आता किती वर्षं थांबू? मला इतकं आयुष्य आहे का?"

फराजीच्या हातून तंजिया कच्ची निघाल्याची बातमी संध्याकाळपर्यंत सबंध बाजारात फिरली. लोहाराने तर त्याला विचारलं, दात पाडायला तुझ्याकडेच यायचं का आता? फराजी चालू लागला. वेशीबाहेरच्या डाळिंबाच्या बागेत गेला, जिथे त्याची जुनी राख गेली होती. माळ्याने ती झाडांच्या बुंध्यांशी पसरली होती आणि झाडं अशी तरारली होती की परत मागायला फराजीची जीभ रेटेना. तो तसाच हात हलवत परतला.

मग त्याने थांबायचं ठरवलं. रोज पहाटे दार उघडायचं, झटकन उपसायचं, दार लावायचं, राख कुंडात पसरून वर जुनी पत्र्याची परात पालथी घालायची. रमजान आला, गेला. राख चढत गेली, खालची दबून भुरकट झाली, वरची राखाडी. निखारे तिच्या पोटात दिवसभर जागे राहू लागले. पान हिरवं होतं. बतूल खाली यायची, रागात असल्यासारखी कुंडात डोकावायची, आणि "किती चढली?" असं पुटपुटून जायची.

ईदनंतरच्या गुरुवारी त्याने अल्लालला बोलावणं धाडलं. शुक्रवारी भर गल्लीत, लोहार-चांभारांच्या देखत, अल्लालने मडकं परातीत उपडं केलं. हाड एकीकडे पडलं, मांस दुसरीकडे. केशराचा आणि लिंबाचा वास बोळभर झाला. अल्लालने एक घास घेतला, डोळे मिटले, बराच वेळ चावत राहिला.

"बोल ना, मेल्या!" लोहार ओरडला.

"जरा मीठ कमी आहे," अल्लाल म्हणाला.

"मीठ तूच घालतोस!"

"म्हणूनच सांगतोय. राखेत दोष काढायला जागा नाही."

पुढच्या गुरुवारी पायऱ्यांवर माणूस मावेना. चहा आला, जीनवाल्यांचा म्हातारा उस्ताद काठी टेकत आला, मास्तर आला. फराजी फावडं घेऊन मधोमध बसला आणि त्याने मडकी मांडायला सुरुवात केली. कुंड जुन्या भट्टीच्या मानाने लहान. एकाला एक चिकटवून पुरली तर मधली राख दमते आणि सगळीच अर्धकच्ची राहतात, हे त्याने इतक्या दिवसांत पाहून ठेवलं होतं. आणखी हवी असतील तर बॉयलरचं दार उघडं ठेवून निखारे ओढत बसावं लागेल, आणि ते तो आता करणार नव्हता. शेवटचं मडकं बसलं, त्याने राख सारखी केली, परात पालथी घातली.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत लाल्ला बतूल खाली उतरली. डोक्यावरचा रुमाल नीट बांधलेला, आणि पोटाशी धरलेलं कोरं करकरीत मडकं, तोंडाला कागद. सगळ्यांच्या माना वळल्या. पुरुषांच्या या रांधण्यात गल्लीतल्या बाईने स्वतःचं मडकं आणलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"काय बघताय?" ती म्हणाली. "मी भरलंय. खाटकाकडून मांस घेतलं, बाकी माझ्या हाताने. उद्या आमच्या बायकांची सहल आहे. फराजी, घे."

फराजीने परातीकडे पाहिलं, मडक्याकडे पाहिलं. सवयीने त्याचा हात पुढे झालासुद्धा, मग तो थांबला.

"लाल्ला, जागा संपली."

"मला? माझ्याच हम्मामात?"

"दाबून बसवलं तर ह्या सगळ्यांचं कच्चं राहील आणि तुमचंही. पुढच्या गुरुवारी पहिलं मडकं तुमचं. मधोमध."

बतूलने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. मग कागदाची गाठ उगाच घट्ट केली.

"आणि उद्या बायकांना काय खायला घालू?"

"चूल आहे ना घरी?" म्हातारा उस्ताद मागून म्हणाला.

"तुमची बायको येणारे सहलीला, उस्ताद. हे तिला सांगते." बतूल वळली आणि मडकं कडेवर मारून पायऱ्या चढू लागली. वरच्या पायरीवर पोचल्यावर तिला हसू आवरलं नाही. ते खालपर्यंत ऐकू आलं.

"मनाने घट्ट झालास रे, फराजी," अल्लाल हळूच म्हणाला.

फराजीने परातीवर हात ठेवून ऊब पाहिली. "चहा ओत," तो म्हणाला, "आणि जरा सरकून बस. उस्तादांना टेकायला जागा दे."